मागचं डावं चाक

वाशीमला रेल्वे नव्हती तेव्हा वाशीमला स्टेशनमास्तर होते, आणि ते माझे भासरे होते. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणायची. म्हणजे मनातल्या मनात म्हणायची, तोंडानं म्हणायची सोय नव्हती. त्या काळी आगगाडी पाहायची तर उत्तरेला अकोल्याला जावं लागे, नाहीतर दक्षिणेला मोगलाईत हिंगोलीला. गावात रूळ नाही, सिग्नल नाही, आणि हा माणूस काळा कोट घालून, खिशात तेलाची कुपी ठेवून बाजारातून फिरायचा. “वाशीमले टेसन नाई, पन टेसनमास्तर हाये,” असं लोक म्हणत. भाऊजी रागावत नसत. “टेसन येईन ना बावा,” म्हणत, “मास्तर अगुदर आला तं काय बिघडलं?”

फिरणारं चाक दिसलं की त्यांचे पाय थांबायचे. बैलगाडी असो, विहिरीचा रहाट असो, शिंप्याचं शिवणयंत्र असो, मान एका बाजूला कलती करून आधी कान द्यायचे आणि मग निकाल सांगायचे. विचारलं कुणी नसायचं. एकदा तर त्यांनी लग्नाची वरात अडवली. नवरदेवाची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, चालली होती, चाकाचा आख कुरकुरत होता, हे आडवे गेले आणि चाकाशी उकिडवे बसले. वधूपिता हात जोडून म्हणाला, “भाऊसाहेब, मुहूर्त टळून राह्यला!” भाऊजी कुपीचं बूच काढत म्हणाले, “मुहूर्त टळला तं दुसरा भेटते. चाक निखळलं तं नवरदेव दुसरा आनसान काय?” दमणीला तेल मिळालं, मुहूर्तही गाठला गेला, पण त्या घरानं पुढं आम्हाला कधी जेवायला बोलावलं नाही.

तरुणपणी ते मुंबईकडच्या एका रेल्वे कारखान्यात उमेदवारीला होते. इंजिनं दुरुस्त करता करता एक दिवस इंजिनावर चढायचं, एवढाच त्यांचा बेत. तिथं अधूनमधून डोळ्यांची तपासणी होत असे. समोरची अक्षरं त्यांनी धडाधड वाचली, पण डॉक्टरनं बाजूनं आणलेला हात त्यांना दिसलाच नाही. काचबिंदू निघाला. इंजिनाजवळ ज्याला बाजूचं दिसत नाही तो माणूस धोक्याचा, म्हणून त्यांना घरी पाठवलं. कारखान्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. येताना एक लाकडी पेटी घेऊन आले. तिच्यात लहान हत्यारं होती, आणि फावल्या वेळात त्यांनी स्वतःच्या हातानं घडवायला घेतलेलं पितळेचं एक छोटं इंजिन होतं, अर्धवट. पुढं अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, “गेलेलं परत येणार नाही. आहे ते किती दिवस राहील, ते सांगता येत नाही.” तेव्हापासून भाऊजींना जगात एकच गोष्ट हवी होती. आपण केलेलं इंजिन आपल्याच वाफेवर फिरताना एकदा डोळ्यांनी पाहायचं, डोळे आहेत तोवर.

मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा भाऊजींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि इंजिन जवळपास पुरं झालं होतं. हातभर लांब, सहा चाकं, पुढं नळकांड्यासारखा बंब, वर इवलंसं धुराडं. खाली स्पिरिटचा दिवा पेटवला की पाण्याची वाफ व्हायची आणि दांडे हलून चाकं फिरायची, असं ते सगळं होतं. मला वाटलं, आता अंगणात रूळ टाकतील आणि गाडी पळवतील. आमचे हे म्हणजे माझे यजमानही त्यांना तेच म्हणत. पण भाऊजी रुळांच्या गोष्टीला हात लावायला तयार नव्हते. त्यांना दिसायचं ते नळीतून पाहिल्यासारखं, समोरचं तेवढं, चांदीच्या रुपयाएवढं गोल. पळती वस्तू त्या गोलात शिरली न शिरली तोच बाहेर जायची. “धावनारं इंजन मले दिसत नाई,” ते म्हणत. “गेलेलंच दिसते. मले ते जाग्यावर धावलं पायजे.”

म्हणून त्यांनी तो घोडा बांधायला घेतला. घोडा हा त्यांचाच शब्द. सागवानी फळी, तिच्यावर दोन लोखंडी पट्ट्या, आणि पट्ट्यांवर प्रत्येक चाकाखाली दोन छोटे रोलर. चाक त्या दोन रोलरांच्या बेचक्यात बसायचं. इंजिन सुरू झालं की चाक फिरणार, चाकामुळं रोलर फिरणार, आणि इंजिन मात्र आहे तिथंच राहणार. मागं एक खुंटी ठोकून तिला तारेनं बांधून ठेवलेलं, म्हणजे उडी मारून पळायला नको. रोलर कातायचं काम करीम मिस्त्रीनं केलं. करीम मिस्त्री सरकी काढायच्या जिनातला फिटर, भाऊजींचा एकुलता एक दोस्त. जिनातल्या लेथवर त्यानं पितळेचे रोलर काढले आणि सायकलच्या छऱ्यांवर बसवले. सासूबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, “लाटन्यावर गाडी! पोया होतीन का धूर निंघन?”

रोलर बनवणं सोपं होतं, बसवणं कठीण. प्रत्येक रोलर पुढंमागं सरकवायची खाच होती आणि वरखाली करायला खाली एक पेच होता. सहाच्या सहा चाकांचा भार सारखा पडला पाहिजे. एखादा रोलर केसभर खाली राहिला की त्यावरचं चाक अधांतरी. दांड्यांनी चाकं एकमेकांना जोडलेली, त्यामुळं ते अधांतरी चाकही फिरायचं, पण खालचे रोलर मात्र ढिम्म उभे. तेच ओळखायचं असे. फिरत नसताना भाऊजी चाक आणि रोलर यांच्यामध्ये पतंगाचा कागद सरकवून पाहत; कागद अडकला म्हणजे चाक टेकलं. पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. “थांबलं असलं तं कागद सांगते,” ते म्हणत, “फिरतानी डोळाच लागते.” म्हणून मग खिडकीच्या उजेडाकडं तोंड करून, पोटावर पडून, एक डोळा मिटून ते चाकाखालून उजेडाचा धागा दिसतो का ते बघत. एक चाक टेकवलं की दुसरं उचलायचं. दुसरं दाबलं की तिसरं. करीम मिस्त्री एकदा कंटाळून म्हणाला, “भाऊसाहेब, तीन पायाची तिवई कुठंबी बसते. चार पायाची खाट डुगडुगते. तुमी सहा पायाचं जनावर आनलं, ते कवा बसन?” भाऊजी पोटावरून उठलेसुद्धा नाहीत. “बसन,” म्हणाले. “बसल्याबिगर जाते कुठं?”

आता मी यात कशी आले ते सांगते. आमच्याकडं सुनेनं भासऱ्यांपुढं यायचं नाही, आलीच तर डोक्यावरून कपाळापर्यंत पदर ओढून, आणि बोलायचं तर नाहीच. बोलायचं असलं की मधे सासू लागे. भाऊजी म्हणत, “आई, सूनबाईले सांग, पानी ठेव म्हना.” सासूबाई मला सांगत, “पानी ठेव.” मी दोन हात अंतरावर उभी असे, सगळं ऐकलेलं असे, तरी सासूबाईंचं सांगून होईपर्यंत हलायचं नाही. मग मी सासूबाईंना सांगायची, “ठेवलं म्हना.” भाऊजींचं काम माजघरात चालायचं, कारण उजेडाची खिडकी तिथंच, आणि माझी चूल शेजारी. त्यामुळं दिवसभर हा निरोपांचा रहाट सासूबाईंच्या तोंडानं चाले. एके दिवशी जप करताना त्यांना फार वेळा अडवलं गेलं. त्यांनी माळ मांडीवर आपटली. “माह्या तोंडानं कायले बोलून राह्यले दोघं? ते इंजन हाये ना मधात? त्याले सांगत जा!” बाई रागानं बोलल्या खऱ्या, पण आम्हाला ती परवानगीच मिळाली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी इंजिनाकडं पाहत, घसा खाकरून म्हटलं, “इंजना, सूनबाईले सांग, वरनात मीठ जास्त पडलं.” मला हसू आवरेना. पदरात तोंड घालून मी म्हटलं, “इंजना, तुह्या मालकाले सांग, मीठ बराबर हाये. तोंडाले पितळेची चव हाये त्याह्यच्या.” माळ ओढता ओढता सासूबाई थांबल्या, पण काही म्हणाल्या नाहीत. तेव्हापासून त्या घरात आमचं सगळं बोलणं इंजिनामार्फत होऊ लागलं. जेवण वाढलं, इंजिनाला सांग. कोट उसवला, इंजिनाला सांग. पाहुण्यांना वेड्यांचा बाजार वाटायचा. मला मात्र त्या घरात मोकळं बोलायला तेवढंच एक ठिकाण होतं. सांगायला लाज कसली, यजमानांशीसुद्धा मी दिवसा इतकं बोलत नसे.

हळूहळू त्या इंजिनानं जेवणाखेरीज दुसरंही बोलायला सुरुवात केली. भाऊजींचा तो रुपयाएवढा गोल पावलीएवढा झाला होता. खाली पडलेला पेच ते हातानं चाचपत शोधायचे आणि पेच त्यांच्या गुडघ्याशीच असायचा. मी भाकरी थापता थापता बघायची. एकदा राहवलं नाही. “इंजना, पेच उजव्या गुडघ्यापाशी हाये म्हना.” त्यांनी उचलला. जरा वेळानं तिकडून आवाज आला, “इंजना, सूनबाईचे डोळे चांगले हायेत. तिले इचार, मी चाक फिरवतो, उजेड कुठून येते?” मी पिठाचे हात धुतले, पदर ओढला, जमिनीवर गाल टेकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या चाकांखाली पाहिलं. खिडकीचा उजेड पलीकडून येत होता. पाच चाकांखाली अंधार होता, आणि एकाखाली सुतासारखी पांढरी रेघ. “मागलं डावं,” मी इंजिनाला सांगितलं. “चाक फिरून राह्यलं, लाटनी उभी हायेत.” भाऊजींनी पेच पाव आटा फिरवला. रेघ गेली. “आता?” त्यांनी इंजिनाला विचारलं. “आता मधलं उजवं.” ते हसले. मी त्यांना हसताना फार कमी वेळा ऐकलं.

सासूबाईंनी आपल्या परीनं उपाय केले. रामनवमीच्या जत्रेला त्यांनी भाऊजींना बैलगाडीत घालून पोहरादेवीला नेलं आणि लेकाच्या डोळ्यांसाठी नवस बोलल्या. परतताना रस्ताभर भाऊजी गाडीच्या डाव्या चाकाला नावं ठेवत होते. घरी आल्यावर मी इंजिनाला विचारलं, देवीपाशी काय मागितलं म्हणून. “इंजना, सांग तिले, मायनं डोळे मागतले. म्या स्पिरिट मागतलं.” दुसरी मोठी लढाई सुरू झाली होती. रॉकेल मिळेना, तिथं स्पिरिट कुठलं? दिवा पेटवल्याशिवाय वाफ नाही आणि वाफेशिवाय त्यांचं पाहणं नाही. दिवस असे की स्पिरिट यायला उशीर आणि डोळे जायला घाई. मधल्या काळात ते सायकलच्या पंपानं हवा भरून इंजिन चालवून बघत. पंप आमचे हे मारत, घामाघूम होत, आणि दम संपला की इंजिनही थांबे. “तुह्या इंजनाले तुहा भाऊ पोसते,” असं सासूबाई म्हणत. भाऊजींना ती हवेवरची चाल पाहणं म्हणजे पाहणंच वाटत नसे. वाफेवरचं फिरणं निराळं असतं, असं ते म्हणत. मला कसं कळणार?

डोळे आधी गेले. एका सकाळी त्यांनी खिडकी कुठं आहे हे भिंतीला हात लावून शोधलं. खिडकी उघडी होती आणि त्यांच्या तोंडावर ऊन पडलेलं होतं. त्यांनी आरडाओरड केली नाही. काळा कोट घातला, घोड्यापाशी बसले आणि बोटांनी एकेक चाक मोजल्यासारखं करत राहिले. मी चुलीशी रडत होते. तरी त्यांच्यापुढून जाताना माझा पदर कपाळापर्यंत होता. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढं पदर कशाला, असं मला यजमानांनीच एकदा विचारलं. काय सांगणार? त्यांना दिसत नव्हतं, सासूबाईंना दिसत होतं. आणि खरं म्हणजे पदर काढला असता तर ते आंधळे झाले हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं. ते माझ्यानं होईना.

तरी बसवणं थांबलं नाही. आता ते पेचकसावर आणि मी उजेडावर. “मले दिसलं नाई तं नाई,” एकदा त्यांनी इंजिनाला सांगितलं, “पन ज्याले दिसते त्याले तरी बराबर दिसलं पायजे. तिले सांग, तिचं पाह्यनं ते माह्यं पाह्यनं.” म्हणजे आता माझ्या डोळ्यांनी पाहायचं ठरलं होतं. मला त्या दिवशी भीतीच वाटली. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई मी, आणि एका माणसाचं सगळं आयुष्य माझ्या नजरेला बांधलेलं. पण सहाही चाकं बसली. कुठूनही उजेड येईना, हातानं फिरवलं की सगळे रोलर एकसारखे गुणगुणायचे. आता स्पिरिट तेवढं हवं होतं.

ते करीम मिस्त्रीनं आणलं. कुठून आणलं ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. छोटी बाटली होती, एका वेळेपुरती. बाटली पाहून आमच्या ह्यांना इतका आनंद झाला की ते बाजारात सांगून आले. इथंच सगळं फिसकटलं, आणि कुणाच्या वाईट हेतूनं नाही. दुपारी माजघर माणसांनी भरलं. अडते आले, वकील आले, जवळच्या मालेगावहून मोटारीनं आलेले दोन व्यापारी पाहुणेसुद्धा आले. इतकी पुरुषमाणसं जमल्यावर मी तिथं कशी थांबणार? सासूबाईंनी मला आत घेतलं आणि दार लावलं. दार लागता लागता भाऊजींनी त्याच्या आवाजाकडं तोंड वळवलेलं मी पाहिलं. भरल्या घरात भावजयीला बाहेर बोलवा, असं त्यांनी म्हणणं शक्यच नव्हतं. तसं म्हटलं असतं तर नाव माझं खराब झालं असतं, त्यांचं नाही. 

दाराच्या दोन फळ्यांमध्ये फट होती. तिला डोळा लावला. फटीतून मला एक मागचं डावं चाक दिसत होतं, त्याखालचे दोन रोलर, आणि करीम मिस्त्रीचा गुडघा. बस्स. दिवा पेटला, पाणी गुणगुणायला लागलं, मग शिटी झाली आणि सगळं माजघर “वा वा” करून ओरडलं. चाक हललं. आधी अडखळत, मग सलग. खरंच निराळं होतं ते, हवेवरच्यासारखं उड्या मारत नव्हतं; ओलं, जड, जिवंत असं काही. आणि त्याच वेळी मी पाहिलं की खालचे रोलर उभे आहेत. एवढी माणसं जमिनीवर बसली, उठली, कुणाचा तरी धक्का फळीला लागला असेल. चाक फिरत होतं आणि रोलर उभे होते. मला ओरडावंसं वाटलं. स्पिरिट संपलं, इंजिन थांबलं, लोकांनी पाठ थोपटली.

“चाकं कशी फिरली?” भाऊजींनी विचारलं.

“गरगर फिरली भाऊ, गरगर!” हे म्हणाले.

भाऊजी हसले, पण ते हसणं मला माहीत होतं. गरगर तर भिंगरीही फिरते. पुढं बोलण्यातून कळलं, एवढ्या लोकांतून कुणीही चाकांकडं पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष शिटीकडं आणि धुराड्याकडं, ह्यांचं लक्ष लोकांच्या तोंडांकडं, आणि करीम मिस्त्रीची नजर दिव्यावरून हलणं शक्य नव्हतं. बिचाऱ्याला बंब फुटायची धास्ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई देवळात गेल्यावर त्यांनी इंजिनाला विचारलं, “इंजना, सूनबाईनं पाह्यलं का?” मी म्हटलं, “फटीतून पाह्यलं म्हना. एकच चाक दिसलं. मागलं डावं.” “कसं होतं?” खोटं बोलले असते तर त्या माणसाचा जन्म सुखात गेला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझं पाहणं ते त्यांचं पाहणं, असं त्यांनी म्हटलं होतं. मी सगळं सांगितलं, ते ओलं जड फिरणं सांगितलं आणि उभे राहिलेले रोलरही सांगितले. त्यांनी चाचपत मागच्या डाव्या चाकावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “म्हंजे बसलं नवतं अजून.” त्यानंतर ते रोज सकाळी विचारायचे, “इंजना, कसं फिरलं ते?” आणि मी रोज सांगायची, एकच चाक, एकच फट. सांगून सांगून माझ्याच डोळ्यांपुढचं चाक झिजलं, पण त्यांचं ऐकणं सरेना.

सासूबाई गेल्या. दिवसवार झाल्यावर हे आम्हा दोघांना म्हणाले, “आता कायचा पडदा? बोलत जा की सरळ.” आम्हीही ठरवलं. भाऊजी पाटावर बसले होते, मी वाढायला उभी. त्यांनी घसा खाकरला. “सूनबाई,” ते म्हणाले. माझ्या हातातली पळी थांबली. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली होती, आणि माझ्या तोंडून ‘ओ’सुद्धा निघेना.   शेवटी त्यांनी मान वळवली, घोडा होता त्या बाजूला. “इंजना,” म्हणाले, “भात वाढ म्हना.” मी भात वाढला. आम्हाला दोघांनाही हायसं वाटलं, आणि मला त्याचं फार वाईटही वाटलं.

पुढची वर्षं आठवावीशी वाटत नाहीत. स्पिरिट पुन्हा मिळालं नाही. करीम मिस्त्री जिनातल्या पट्ट्यात हात सापडून गेला. त्याची बातमी सांगायला इंजिनाकडं तोंड केलं आणि मला शब्द सापडेनात, ते भाऊजींनी माझ्या गप्प राहण्यावरून ओळखलं. त्यांनी काळा कोट घालणं सोडलं. बाजारातून जाणाऱ्या गाड्यांची चाकं कुरकुरली तरी मान कलती होईना. एकदा रागानं इंजिनाला म्हणाले, “गावात टेसन येत नाई, तुह्यात वाफ येत नाई, माह्यात उजेड येत नाई. कोनासाठी बसला बे?” मी पदरानं इंजिनावरची धूळ पुसली. 

एका थंडीत त्यांना ताप भरला आणि उतरेना. खाट माजघरात खिडकीशी आणली, उशाशी तिवईवर घोडा ठेवला, त्यावर इंजिन. यजमान वैद्याकडं गेले होते. घरात मी आणि ते. त्यांनी हात हलवला. “इंजना,” आवाज अगदी खोल गेला होता, “तिले सांग, जरा फिरवून दाखव.”

मी बोटानं चाक फिरवलं. दांडे हलले, रोलर गुणगुणले. ते डोळे मिटून ऐकत होते, जणू उघडे असते तर दिसलंच असतं. मी फिरवत राहिले. मग ते म्हणाले, “मागलं डावं टेकलं नाई.”

मी वाकले, गाल फळीला लावला. पावसाळ्यानं फळी थोडी वाकली असणार. पाच चाकांखाली अंधार होता आणि मागच्या डाव्याखाली ती रेघ, तशीच, सुतासारखी. चुलीजवळच्या कोनाड्यातला पेचकस आणला. पाव आटा फिरवला. रेघ बारीक झाली. अजून थोडा. चाक फिरवून पाहिलं. खालचे रोलर हलले, सगळ्यांबरोबर. कुठूनही उजेड येत नव्हता. मी इंजिनाला सांगायला तोंड उघडलं आणि खाटेकडं पाहिलं. त्यांचा श्वास थांबला होता. मान तशीच कलती होती, कान इकडं.

माझा पदर खांद्यावर आला होता, तो मी सावरला नाही. इंजिनाकडं पाठ केली आणि त्यांच्या जवळ गेले.

“भाऊजी,” मी म्हणाले, “टेकलं.”

आमच्यात सरळ बोलणं झालं ते तेवढंच.